पायधुणीचा दगड

ती तंबाखू माझी होती. एवढे एक वाक्य मी तरुणपणापासून पोटात बाळगून आहे. दरवर्षी चैत्र सरत आला की ते घशाशी येते आणि पुन्हा खाली उतरते. निंबाचा मोहोर झडू लागतो, अंगणात कडवट वासाचा पांढरा सडा पडतो, दुपारचा वारा बालाघाटाच्या उघड्या माथ्यांवरून तापून येतो आणि माझा हात नकळत कमरेशी जातो. तिथे आता काही नाही. पान, चुना, सुपारी आणि तंबाखू यांच्यासाठी खण-खण करून शिवलेली माझी कापडी चंची माझ्या मुलांनी कधी पाहिलीही नाही. तरी या दिवसांत ती नसलेली चंची मला टोचते.

आमच्या गावापासून चौसाळ्याकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला शिखांचा एक लहान गुरुद्वारा आहे. निजाम सरकारच्या फौजेतली काही शीख कुटुंबे फार पूर्वी इथल्या ठाण्यावर आली आणि ठाणे उठले तरी इथेच राहिली. मातीच्या भिंती, धाब्याचे छत, आत जमिनीपासून हातभर उंच ओटा आणि त्यावर रुमालांत जपलेला ग्रंथसाहेब. बाहेर निशाणाची उंच काठी, एक जुना निंब आणि दारात एक लांबट काळा दगड, मध्ये खोलगट कोरलेला. त्यात पाणी असते. आत जाणाऱ्याने पायताण निंबाखाली काढायचे, हात धुवायचे, त्या पाण्यातून पाय धुऊन पलीकडे निघायचे. आम्ही त्याला पायधुणीचा दगड म्हणतो.

त्या ठिकाणचे नियम इतके थोडे आहेत, की ते मोडणाऱ्याला विसरल्याचे निमित्तही करता येऊ नये. डोके झाकलेले असावे. ग्रंथसाहेबाकडे पाय करून बसू नये. प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा, नाकारू नये. पंगतीत शेजारी कोण बसला आहे हे विचारू नये आणि पानात घेतलेले टाकू नये. तंबाखू कोणत्याही रूपात आत नेऊ नये. मी तरुण होतो तेव्हा तिथे ग्रंथसाहेब वाचणारे वृद्ध ग्यानीजी हे सगळे आपल्या दखनी बोलीत एका दमात सांगत: "हात-पैर धोके आव, सिर ढांको, तमाखू बाहर रखो. जात हम पूछते नै."

आणि तरीही बैसाखीच्या दिवशी मी त्या दगडापाशी पहाऱ्याला उभा राहतो, तेव्हा माझा जीव नुसता वैतागून जातो. लोक पाण्यात अंगठा बुडवतात आणि टाच कोरडी ठेवून आत निघतात. शेणाने भरलेली पावले धुण्याऐवजी दगड ओलांडून उडी मारतात आणि वर हसतात. प्रसादाच्या शिऱ्याचे तूप धोतराच्या सोग्याला पुसतात. आत पाय लांब करून भिंतीला टेकतात. भाकरी मागून घेतात आणि अर्धी ठेवून उठतात. पटक्याच्या आत, कानावर, विडी तशीच खोचलेली असते. मी हळू आवाजात प्रत्येकाला सांगत राहतो, "टाच धुवा. डोके झाका. तंबाखू असल्यास बाहेर ठेवा." माझा आवाज मुळातच लहान. तो निम्म्यांना ऐकू जात नाही आणि उरलेल्यांना ऐकायचा नसतो.

माझा बाळमित्र दाजिबा दरवर्षी न चुकता मला चिडवतो. जकातीच्या नाक्यावर करोडगिरीचा शिपाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या गाठोड्यात हात घालतो, तसा मी त्याला दिसतो.

"काय पाटील, करोडगिरीचं नाकं लावलंस का इथं? घे बे झडती, धोतरात लई माल हाय माझ्या!"

लोक खदखदून हसतात. मीही हसल्यासारखे करतो. "पाटलानं तंबाखू सोडली ती सोडली, आता आमाला बी सोडाया लावतो," असे म्हणत म्हातारी माणसे माझ्या पाठीवर थाप देतात. ती थाप मला सहन होत नाही. ज्याची लाज वाटावी त्याचेच मोठेपण पदरात पडत जावे, याहून मोठी गळचेपी मला ठाऊक नाही.

तो उन्हाळा दुष्काळाचा होता. मी पाटलाचा थोरला मुलगा, मिसरूड नुकते जाड झालेला, घरात अजून धान्य असलेला. मृगाने आदल्या वर्षी पाठ फिरवली होती, ज्वारीची ताटे गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. कपिलधारेच्या धबधब्याची धारसुद्धा तुटली आणि तिथल्या कातळावर पाण्याचा नुसता काळा डाग राहिला. गुरुद्वाऱ्याच्या विहिरीला मात्र तळाशी पाणी होते. ग्यानीजींनी लंगर, म्हणजे सर्वांसाठी चालणारे तिथले स्वयंपाकघर, रोज चालू ठेवले. कुठून कुठून शीख मंडळी ज्वारीची पोती पाठवीत. दुपारी सडकेवर माणसांची रांग लागे आणि त्या रांगेतले प्रत्येक पाऊल त्या दगडातल्या पाण्यातून आत जाई.

"प्यायला पानी न्हाई, अन् हे पाय धुवून ऱ्हायले," लोक कुरकुरत. ग्यानीजी तेच पाणी संध्याकाळी घमेल्याने उपसून निंबाच्या मुळाशी ओतीत. त्या वर्षी पंचक्रोशीत हिरवे असे ते एकच झाड होते. मला आजही हिरवा रंग म्हटला, की प्रथम धुळीने गढूळ झालेले ते पाणी आठवते.

चुलीपुढे सगुणा होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली ही विधवा बाई, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. एरवी तिची सावली आमच्या ओट्यावर पडलेली कोणाला चालली नसती. इथे ती भाकरी थापत होती आणि सगळे गाव ती खात होते. ग्यानीजींची पत्नी, जिला सगळे माताजी म्हणत, तिने सगुणाचे हात उलटसुलट करून पाहिले होते, नखे पाहिली होती आणि तिला परातीपुढे बसवले होते. त्याखेरीज दुसरी परीक्षा झाली नाही. सगुणाच्या हातात बांगडी नव्हती, म्हणून भाकरी थापताना नुसता पिठाचाच आवाज येई. तो ओलसर, एकसारखा आवाज रांगेच्या टोकापर्यंत पोचे आणि उपाशी माणसे बोलायची थांबत.

पंगतीत बसलेले लोक भाकरी खात, पण चुलीकडे बघत नसत. पोटाने जे मान्य केले होते ते डोळ्यांनी करायचे नव्हते. मीही त्यांतलाच. माझ्या घरी भाकरी असताना मी तिथे का जात असे, हे आता प्रामाणिकपणे विचारतो, तेव्हा उत्तर येते की गावच्या पाटलाचा मुलगा पंगतीला बसला म्हणून लोक बसत, आणि ते मोठेपण मला आवडत होते.

आमच्याकडे बायका तंबाखूची पाने तव्यावर जाळून त्यांची काळी पूड करतात आणि सकाळी तिने दात घासतात. तिला मिसरी म्हणतात. तिला तंबाखू असे कोणी म्हणत नाही, तसे कोणाच्या मनातही येत नाही. सगुणाच्याही आले नव्हते. एका सकाळी माताजींनी तिला विहिरीपाशी काळे बोट दातांवर फिरवताना पाहिले.

"ये क्या है, सगुणा?"

"मिसरी हाय, माय. भाकरीला हात लावायच्या आदी तोंड सोच्छ नगं का?"

"इसमें तमाखू है."

"तमाखू? न्हाई माय, ही तर भाजलेली हाय!"

माताजी हसू आवरून खाली बसल्या आणि त्यांनी तिला समजावले. जवळ उभे राहून मीही हसलो. सगुणा हसली नाही. तिने मिसरीची डबी उघडून माताजींच्या देखत उकिरड्यावर उपडी केली आणि निंबाची काडी तोडून घेतली. पुढचे काही दिवस तिचे डोके असे दुखे, की ती कपाळाला फडके आवळून चुलीपुढे बसे. धगीने आणि त्या कळेने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे आणि हात थापत असत. तंबाखू सोडणे काय असते हे मला पुढे कळले. तेव्हा ते फडके पाहून मला नुसती गंमत वाटली होती.

चंची मी रोज निंबाखाली काढून ठेवीत असे, चारचौघांच्या देखत, जरा थाटानेच. पण दुष्काळात तंबाखूही दुर्मिळ झाली होती आणि निंबाखालची चंची लोक हलकी करीत. म्हणून त्या दिवशी मी तिच्यातली तंबाखूच्या पानांची लहान पुरचुंडी काढून कमरेला खोचली आणि रिकामी चंची फांदीला अडकवली. पाय धुतले, टाचांसकट धुतले. डोक्याला पटका होताच. आत जाताना मात्र मनात आले, की माथा टेकायला वाकलो आणि पुरचुंडी ग्रंथसाहेबापुढे पडली तर? चुलीच्या बाजूच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात मिठाचे गाडगे असे. सगुणा पाणी आणायला उठली होती. मी गाडग्यामागे पुरचुंडी सरकवली आणि पुढे जाऊन माथा टेकला. मला तेव्हा खरोखर वाटले, की मी नियम पाळला. आपण आत नेलेली घाण आपल्या अंगावर नाही, एवढ्यानेच मी निर्धास्त झालो होतो.

पंगत बसली होती. माझ्या पानात भाकरी पडली होती. माताजींनी मिठासाठी हात घातला आणि गाडग्याबरोबर पुरचुंडी बाहेर आली.

"ये किसका है?"

मग ओळीतून दाजिबाचा आवाज आला, "तवा कुनाच्या हातात हाय? तिलाच इचारा की."

त्यामागून आणखी एकजण म्हणाला, "मिसरी भाजायला आणली आसंल. ह्याच तव्यावर ती, अन् ह्याच तव्यावर आमची भाकर. थू!"

सगुणा परातीवरून उठली. दोन्ही हात पिठाने भरलेले, ते तिने अंगापासून दूर धरले होते. "म्या न्हाई. म्या सोडली, माताजी. तुमच्या म्होरं उकिरड्यावर टाकली न्हवं? मंग मी आता कावून आणू?"

माताजी तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. ग्यानीजी पंगतीच्या टोकाशी उभे राहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"जिसकी है वो बोल दो. कोई मारता नै, कोई निकालता नै. उठाके बाहर रखो, हात धो लो, खलास."

त्यांनी ओळीवरून नजर फिरवली. इतके सोपे करून ठेवले होते त्यांनी. एक माणूस उठला असता, बाहेर जाऊन आला असता, लोक दोन दिवस हसले असते. माझ्यापाशी नजर आली तेव्हा मी खाली बघून भाकरी मोडत होतो. ती सगुणाने थापलेली होती.

पंगतीतून एक उठला, मग दुसरा. मला आता वाटते, त्यांना निमित्तच हवे होते. जे पोटापुढे गिळावे लागले होते ते त्यांना ओकून टाकायचे होते आणि माझ्या पुरचुंडीने त्यांच्या हाती ते निमित्त दिले. सगळी पंगत उठली असती तर उपाशी माणसे उपाशीच गेली असती. ग्यानीजी म्हणाले, "सगुणा, आज रहने दे." तो आज पुढे कधी संपला नाही.

ती बाहेर गेली. पायधुणीपाशी थांबून तिने कोपरापर्यंत हात धुतले. आत येताना सगळेच धुतात. त्या दारातून बाहेर जाताना हात धुणारे माणूस मी ते एकच पाहिले. मागे ग्यानीजी स्वतः तवा घेऊन बसले आणि राखेने, वाळूने घासू लागले. लोखंडावर वाळूची ती करकर. घरी कोणी तवा घासू लागले, की मी आजही उठून मळ्यात जातो. आमच्या मंडळींना वाटते, मला भांड्यांच्या आवाजाचे वावडे आहे.

मी तंबाखू सोडली ती त्याच दिवशी. पण ती सोडणे म्हणजे बोलणे नव्हे. बोलण्याची वेळ मी किती वेळा हातची घालवली, हे आठवू लागलो की स्वतःचाच संताप येतो. त्याच उन्हाळ्यात सगुणा सडकेच्या सरकारी कामावर खडी फोडत होती. मी घोड्यावरून गेलो. पाटलाचे घोडे दिसताच सगळ्या बायका हातोड्या टाकून उभ्या राहिल्या, तीही राहिली. डोळ्यांच्या पापण्यांवर दगडाचा पांढरा भुगा. मी म्हणालो, "काम बरं चाललंय ना?" मुकादम म्हणाला, "चाललंय, मालक." मी घोडे वळवले.

पुढे लेकीचे लग्न झाल्यावर ती तिच्याकडे तलवाड्याला राहायला गेली. काही वर्षांनी मी तिथे गेलो, या खेपेस पायी. तिने मला अंगणात पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "जावई घरी न्हाई, पाटील. वेठीला उद्या यील," ती म्हणाली. पाटील दाराशी आला म्हणजे फुकट राबायला माणूस न्यायलाच आला, असे तिने धरले. तिने आयुष्यभर दुसरे काही पाहिले नव्हते. मी गोंधळलो. बरोबरच्या गड्याच्या पाठीवर पेरणीसाठी घेतलेल्या ज्वारीचे पोते होते, ते तिच्या ओट्यावर उतरवायला सांगितले. "कशापायी?" तिने विचारले. मी म्हणालो, "असंच." क्षमा मागायला गेलो आणि ज्वारी देऊन परतलो. वाटेत मला इतका उबग आला, की एका बांधावर बसून राहिलो. ती ज्वारी तिने उपकार म्हणून खाल्ली असेल, हा विचार मला खडीच्या त्या ढिगाहूनही जड वाटला.

ग्यानीजी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी सुरुवातही केली. "ग्यानीजी, ती तंबाखू…"

"छोड़ दिये ना तुम," ते डोळे मिटून समाधानाने म्हणाले. "बहुत अच्छा किये, पाटील." भोवतीच्या लोकांनी माना डोलावल्या. मी उरलेले शब्द गिळले. त्यांच्या मागे माताजीही गेल्या. ज्यांना सांगायला हवे ती माणसे एकेक करून उठून गेली आणि मी दारात उभा राहून इतरांच्या टाचा तपासत बसलो.

पायाची घाण दिसते, म्हणून ती धुण्याचा नियम करता येतो. दगड कोरता येतो, पाणी भरता येते. त्या दारातल्या लोकांना स्वच्छतेची ही साधी बाजू नीट कळली होती. बाहेर ठेवता येईल ते बाहेर ठेवा, मग आत या, एवढेच ते मागत होते. मी मात्र टाचा घासघासून धुतल्या आणि जे ठेवायचे तेच आत नेले. त्यानंतर त्या दगडावरून मी किती बैसाख्या गेलो! पाणी दरवर्षी स्वच्छ होते. माझे काय धुतले जात होते, ते मला कधी कळले नाही.

या वर्षीही चैत्र तसाच तापला. बैसाखीच्या दिवशी सकाळपासून रांग होती. जुन्या ग्यानीजींचे चिरंजीव आता ग्रंथसाहेबापुढे बसतात. आतून पाठाचा सूर येत होता आणि चुलीवरून डाळीचा वास. दाजिबा माझ्याशेजारी निंबाला टेकून गमती करत होता. त्याच त्या अर्धवट धुतलेल्या टाचा पाहून मी चिडलो होतो, माझा घसा बसला होता आणि मी माणसांकडे न बघता नुसत्या पायांकडे बघत तेच तेच बोलत होतो.

त्यातच दोन पाय असे आले, की मला बरे वाटले. म्हातारे, भेगाळलेले, काठीच्या आधाराने एकेक उचललेले. त्या बाईने पाण्यात पाय ठेवला, वाकून बोटांच्या बेचक्या धुतल्या, टाच धुतली, भेगांतली माती नखाने काढली. कोणी न सांगता. मी वर न बघता सवयीने म्हणालो, "बाई, मिसरी-तंबाखू काही असल्यास बाहेर ठेवा."

तिने दुसरा पायही तसाच धुतला. पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग काठीवर दोन्ही हात ठेवून ती सावकाश म्हणाली, "न्हाई, पाटील. तव्हाबी नव्हती."

मी वर पाहिले. सगुणा होती. डोळ्यांत फूल पडलेले, चेहरा आक्रसलेला, कपाळावर घट्ट बसलेला पदर त्या फडक्यासारखाच. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलेल्या प्रश्नाला तिने सरळ उत्तर दिले होते. तो प्रश्न तिला दुसऱ्यांदा विचारणारा मी होतो. इतक्या वर्षांच्या माझ्या शिस्तीतून, माझ्या पहाऱ्यातून शेवटी एवढेच निपजले, की तिच्यावर पुन्हा तोच आळ घ्यायला मी त्याच दारात उभा होतो.

"काय बे," दाजिबा हसत म्हणाला, "म्हातारीला बी सोडीना का तुझं नाकं?"

रांग थांबली होती. मागची माणसे माना उंच करून बघत होती. पुढे तिने जावे म्हणून मी बाजूला झालो असतो, तर ती गेली असती. हे माझे ठरलेलेच होते, दरवर्षी कोणीतरी पुढे जाई आणि मी बाजूला होई. मी पायधुणीच्या पाण्यात उतरलो, तिच्यासमोर, पायताणासकट, आणि ते ध्यानात आल्यावर ते काढून दूर फेकले. दोन्ही हात जोडले. तिला मी जन्मात कधी अहो-जाहो केले नव्हते. जेवढा आवाज माझ्याकडे होता तेवढा काढून, दाजिबाला, रांगेतल्या शेवटच्या माणसाला आणि आत चुलीपुढे बसलेल्या बायकांना ऐकू जाईल असे मी म्हणालो:

"सगुणाबाई, ती तंबाखू माझी होती. मिठाच्या गाडग्यामागं मी लपवली होती. तुम्ही खरं बोलत होता अन् मी तुमच्या हातची भाकर खात गप बसलो. तवा तुमचा होता, तो माझ्यामुळं गेला. माझं चुकलं. मला माफ करा."